पुस्तकांची दुकानं आपल्या ग्राहकांना नाटकाला का घेऊन जातायत? आणि मराठीत हे का जमू शकतं?

पुस्तकाच्या दुकानात माणूस पुस्तक घ्यायला जातो. पण काही स्वतंत्र दुकानं, म्हणजे ज्यांच्यामागे मोठी साखळी कंपनी नाही अशी दुकानं, आता पुस्तकांबरोबर नाटकाची संध्याकाळही देऊ लागली आहेत. दुकानदार एखाद्या प्रयोगाची वीस-तीस तिकिटं एकत्र काढतो. नाव नोंदवलेले ग्राहक ते नाटक किंवा ज्या पुस्तकावरून ते आलं ते पुस्तक आधी वाचतात, मग सगळे मिळून प्रयोग बघतात आणि नंतर त्यावर बोलतात.

ऐकायला ही सहलीसारखी गोष्ट वाटेल. पण तिच्या मागे दोन गंभीर प्रश्न आहेत. ऑनलाइन सवलतींच्या काळात पुस्तकाचं दुकान टिकणार कसं? आणि शनिवार-रविवार सोडून नाट्यगृहाच्या खुर्च्या भरायच्या कशा? हे दोन्ही प्रश्न मराठीतही तितकेच जिवंत आहेत. म्हणून हा प्रकार नीट समजून घेऊ.

नेमका प्रकार काय आहे?

याचे साधारण तीन भाग असतात.

पहिला भाग वाचनाचा. दुकान दोन-तीन आठवडे आधी नाटक जाहीर करतं. नाटकाची संहिता छापलेली असेल तर ती मागवून ठेवतं. नाटक कादंबरीवरून आलं असेल तर ती कादंबरी, आणि रूपांतर असेल तर मूळ नाटकही समोर ठेवलं जातं.

दुसरा भाग प्रयोगाचा. तिकिटं एकगठ्ठा काढली जातात. अनेक ठिकाणी नाट्यसंस्था गटाला सवलत देतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तर गटाचं बुकिंग हा तिकीटविक्रीचा स्वतंत्र विभागच आहे. सवलत नसली तरी सगळ्यांना शेजारी शेजारी जागा मिळते आणि रांगेत उभं राहण्याचं काम एकाच माणसाकडे जातं.

तिसरा भाग गप्पांचा. प्रयोगानंतर चहावर किंवा पुढच्या आठवड्यात दुकानात चर्चा होते. जमलं तर लेखक, दिग्दर्शक किंवा एखादा कलाकार अर्धा तास येऊन बसतो.

यातला दुसरा भाग कुणीही करू शकतं. सोसायटीचं मंडळ, भिशीचा गट, ऑफिसातले सहकारी एकत्र नाटकाला जातातच. दुकानाचं वेगळेपण पहिल्या आणि तिसऱ्या भागात आहे. कोणत्या ग्राहकाला काय वाचायला आवडतं हे दुकानदाराला माहीत असतं, आणि बोलायला जागाही त्याच्याकडे असते.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. वाचणाऱ्यांनी गट करून नाटकाला जाण्याची परंपरा निदान १३० वर्षांची आहे.

१८९० मध्ये बर्लिनमध्ये 'फ्राय फोल्क्सब्यून' म्हणजे 'मुक्त लोकरंगभूमी' नावाची संस्था सुरू झाली. कामगारांनी अल्प वर्गणी भरायची आणि संस्थेने त्यांच्यासाठी प्रयोग ठरवायचे, अशी तिची पद्धत होती. सुरुवात इब्सेनच्या नाटकाने झाली. प्रयोग रविवारी दुपारी होत, कारण कामगारांना सुट्टी तेव्हाच. वर्गणी सगळ्यांना सारखी होती आणि कोण कुठे बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे. त्यामुळे जास्त पैसे देणारा पुढे आणि कमी देणारा मागे ही रीत मोडली. प्रयोग फक्त सभासदांसाठी असल्याने पोलिसी सेन्सॉरशिपलाही बगल देता येत होती. पुढे याच चळवळीने बर्लिनमध्ये स्वतःचं नाट्यगृह बांधलं. ते १९१४ च्या अखेरीस उघडलं.

पुस्तक आणि नाटक यांची थेट जोडी ब्रिटनमध्ये दिसते. प्रकाशक व्हिक्टर गोलांझ यांनी १९३६ मध्ये 'लेफ्ट बुक क्लब' सुरू केला. सभासदांना दर महिन्याला एक पुस्तक स्वस्तात मिळायचं. काही वर्षांतच सभासदांची संख्या ५० हजारांच्या पुढे गेली आणि गावोगावी चर्चागट उभे राहिले. या क्लबची स्वतःची नाट्यशाखाही होती. पुस्तक वाचणाऱ्यांना एकत्र यायचं असतं आणि एकत्र आले की त्यांना काहीतरी करायचं असतं, हे त्या काळीच दिसून आलं होतं.

आताच्या प्रकारात फरक एवढाच आहे की हे काम पक्ष, संघटना किंवा प्रकाशक यांच्याऐवजी कोपऱ्यावरचं दुकान करतंय. आणि त्याला ते करावं लागतंय, यामागे धंद्याचं कारण आहे.

दुकानदार हा खटाटोप का करतो?

पुस्तक ही अशी वस्तू आहे की ती कुठूनही घेतली तरी तीच असते. तेच मुखपृष्ठ, तीच पानं. त्यामुळे ग्राहक दुकानात येतो, पुस्तक हाताळतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि घरी जाऊन ऑनलाइन सवलतीत मागवतो. जागेचं भाडं दुकानदार भरतो आणि विक्री दुसऱ्याची होते.

काही देशांनी यावर कायद्याने उपाय केला. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्यानुसार नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. भारतात असा कायदा नाही. इथे किमतीच्या लढाईत छोटं दुकान हरणार हे ठरलेलं आहे.

अमेरिकेतही असा कायदा नाही, म्हणून तिथला अनुभव आपल्याला जवळचा आहे. १९९५ मध्ये ॲमेझॉनने पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि पुढच्या पाच वर्षांत तिथली स्वतंत्र दुकानं ४० टक्क्यांहून जास्त घटली. हा धंदा संपला असं सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात २०११ मध्ये बंद पडली ती 'बॉर्डर्स' ही बलाढ्य साखळी. स्वतंत्र दुकानांची संख्या मात्र २००९ मधल्या १,६५१ वरून २०१८ मध्ये २,४७० वर गेली.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक रायन राफाएली यांनी या पुनरागमनाचा अभ्यास केला. त्यांनी तीन कारणं मांडली. एक, स्थानिक समाजाशी नातं. दोन, पुस्तकांची विचारपूर्वक निवड. तीन, लोकांना एकत्र आणणं. लेखकभेटी, वाचनगट, लहान मुलांचे गोष्टीचे तास हे सगळं तिसऱ्या कारणात मोडतं. नाटकाला एकत्र जाणं ही त्याचीच पुढची पायरी आहे. गोदामातून पार्सल पाठवणाऱ्या कंपनीला किंमत पाडता येते. पण नाटक संपल्यावर शेजारच्या माणसाशी शेवटावरून वाद घालण्याची सोय ती पाठवू शकत नाही.

न्यूयॉर्कचं दुकान काय सांगतं?

पुस्तकाचं दुकान आणि रंगभूमी यांच्या नात्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचं 'ड्रामा बुक शॉप'. १९१७ मध्ये सुरू झालेल्या या दुकानात प्रामुख्याने नाटकाची पुस्तकं मिळतात. ऑडिशनला जाणारे नट, नवे लेखक, नाट्यशाळेचे विद्यार्थी यांचा तो अड्डा. दुकानाच्या तळघरात एक छोटं थिएटरही होतं. लिन-मॅन्युएल मिरांडा आणि दिग्दर्शक थॉमस केल यांनी 'इन द हाइट्स' या संगीत नाटकाची जुळवाजुळव तिथेच केली. ते नाटक २००८ मध्ये ब्रॉडवेवर आलं. याच जोडीचं पुढचं नाटक 'हॅमिल्टन' जगभर गाजलं. २०११ मध्ये रंगभूमीच्या सेवेबद्दल या दुकानाला टोनी सन्मानही मिळाला.

इतकं प्रेम आणि इतकी प्रतिष्ठा असूनही २०१८ मध्ये दुकानाने जागा सोडण्याची घोषणा केली. कारण होतं मॅनहॅटनमधलं वाढतं भाडं. त्याआधी २०१६ मध्ये पाइप फुटून पुस्तकांचं मोठं नुकसान झालं होतं. शेवटी २०१९ मध्ये मिरांडा, केल, निर्माते जेफ्री सेलर आणि नाट्यगृहमालक जेम्स नेडरलँडर यांनी दुकान विकत घेतलं आणि २०२१ मध्ये ते नव्या जागेत उघडलं.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. पहिला, पुस्तकाच्या दुकानाने रंगभूमीला जागा आणि माणसं दिली तर ते कधीतरी परत येतं. ज्यांना दुकानाने उभं राहायला जागा दिली, त्यांनीच ते वाचवलं. दुसरा धडा कडू आहे. नुसत्या कार्यक्रमांनी आणि लोकांच्या मायेने भाडं भरलं जात नाही. प्रत्येक दुकानाच्या नशिबी 'हॅमिल्टन'वाले मित्र नसतात.

लंडनमध्ये थोडा वेगळा मार्ग निघाला. 'सॅम्युएल फ्रेंच' या नाट्यप्रकाशकाचं जुनं दुकान भाडेवाढीमुळे २०१७ मध्ये बंद झालं. पुढच्या वर्षी ते 'रॉयल कोर्ट' या नाट्यगृहातच सुरू झालं. तिथे बऱ्याच नव्या नाटकांची छापील संहिता प्रयोगाच्या ठिकाणीच स्वस्तात मिळते. म्हणजे प्रेक्षक नाटक बघतो आणि जाताना नाटक घरी घेऊन जातो.

भारतात असं काही आहे का?

दिल्लीत आहे, आणि त्याला एक मराठी धागाही आहे. २०१२ मध्ये पश्चिम दिल्लीतल्या शादी खामपूर या साध्या वस्तीत 'मे डे' हे पुस्तकांचं दुकान आणि 'स्टुडिओ सफदर' ही छोटी नाट्यजागा एकमेकांना लागून सुरू झाली. दुकान 'लेफ्टवर्ड बुक्स' या प्रकाशनाचं. स्टुडिओला नाव सफदर हाश्मी यांचं. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये पथनाट्य सुरू असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

मराठी धागा असा की 'लेफ्टवर्ड'चे संपादक आणि 'जन नाट्य मंच'चे अभिनेते सुधन्व देशपांडे हे 'उद्ध्वस्त धर्मशाळा' लिहिणाऱ्या गो. पु. देशपांडे यांचे चिरंजीव. 'मे डे'ची राजकीय भूमिका उघड आहे आणि ती सगळ्यांना पटेलच असं नाही. पण रचना लक्षात घेण्यासारखी आहे. नाटक बघायला आलेला माणूस पुस्तकांमधून वाट काढत जातो आणि पुस्तक घ्यायला आलेल्याला शेजारी तालीम ऐकू येते. दर १ मे रोजी दुकानात पुस्तकांची सवलतीत विक्री, गाणी आणि कविता असा दिवसभराचा कार्यक्रम होत आला आहे.

मग मराठीत काय स्थिती आहे?

मराठीत या दोन गोष्टी आधीपासूनच शेजारी शेजारी राहतात. दादरचंच बघा. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या इमारतीत 'मॅजेस्टिक'चं पुस्तकांचं दालन. चार पावलांवर छबिलदासची गल्ली, जिथे 'आयडियल'चं दुकान आहे. आणि याच छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७० च्या दशकात 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकांची चळवळ चालवली. पुण्यात अप्पा बळवंत चौक ही पुस्तकांची पेठ आणि भरत नाट्य मंदिर यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर आहे.

वाचकांना एकत्र आणण्याचं कामही आपल्याकडच्या पुस्तकवाल्यांनी फार आधी केलं. 'मॅजेस्टिक'च्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये 'ललित' मासिक सुरू केलं, ते वाचकाला पुस्तकांची खबर देण्यासाठीच. पार्ल्यातल्या 'मॅजेस्टिक गप्पां'ना वाचक अनेक वर्षं गर्दी करत आले. मुंबईचं 'स्ट्रँड बुक स्टॉल' तर १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमागृहातच सुरू झालं होतं. टी. एन. शानभाग यांनी तिथे एका कोपऱ्यात पुस्तकं मांडली आणि पुढे फोर्टमध्ये मोठं दुकान केलं. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते दुकान फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं, तेव्हा अनेकांनी सोशल मीडियावर हळहळ व्यक्त केली. अशी हळहळ दुकान बंद होताना दाटून येते. चालू असताना मात्र विक्रीच्या वहीत ती दिसत नाही.

नाटकाच्या बाजूनेही गटाने जाण्याची सवय आहे. संस्था किंवा कंत्राटदार पूर्ण प्रयोग विकत घेतात, कुठल्या कामासाठी मदतनिधीचे प्रयोग लागतात, अनेक शहरांत वार्षिक वर्गणी भरून नाटकं बघण्याच्या सभासद योजना चालतात. परदेशातली महाराष्ट्र मंडळं नाटकं बोलावतात तीही याच तत्त्वावर. थोडक्यात, वाचकांचा गट आहे आणि प्रेक्षकांचा गटही आहे. या दोघांना जोडणारा दुवा मात्र अजून कच्चा आहे.

नाटकवाल्यांना याचा काय उपयोग?

मराठी व्यावसायिक नाटक शनिवार-रविवार आणि सणासुदीच्या सुट्ट्यांवर चालतं. प्रशांत दामले यांच्यासारखे कलाकार २०२२ मध्ये १२,५०० व्या प्रयोगापर्यंत पोहोचले, हाउसफुल्लचे फलक आजही लागतात. पण हे भाग्य ठराविक नावांचं आणि ठराविक वारांचं. मंगळवार-बुधवारचा प्रयोग, नव्या लेखकाचं नाटक, छोट्या जागेतला प्रायोगिक प्रयोग यांना प्रेक्षक मिळवणं अवघड जातं.

इथे तीस जणांच्या गटाचं वजन कळतं. हजाराच्या आसपास खुर्च्यांच्या बालगंधर्व रंगमंदिरात तीस माणसं म्हणजे जेमतेम एक-दोन रांगा. पण शंभर खुर्च्यांच्या छोट्या रंगमंचावर तीस माणसं म्हणजे जवळपास एक तृतीयांश घर. तेवढे लोक आधीच नक्की असतील तर आठवड्याच्या मधल्या वारी प्रयोग लावायचा की नाही, हा निर्णय बदलू शकतो. म्हणून पुस्तकाच्या दुकानाची खरी गरज छोट्या नाटकाला आहे.

दुसरा उपयोग नाटकाच्या पुस्तकाला. कथा-कादंबरीच्या मानाने नाटकाची संहिता विकत घेऊन वाचणारे कमी. विद्यार्थी आणि हौशी संस्था सोडल्या तर तिला सहसा गिऱ्हाईक नसतं. पण नाटक बघण्याआधी किंवा बघून आल्यावर ती वाचावीशी वाटते. महेश एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाटकं एकाच कुटुंबाची गोष्ट पुढे नेतात. पहिलं बघितलेल्या माणसाला पुढे काय झालं हे पुस्तकातून कळू शकतं. 'ती फुलराणी' बघणाऱ्याच्या हातात शॉचं 'पिग्मॅलियन' देता येतं, 'गारंबीचा बापू'साठी पेंडशांची कादंबरी. प्राजक्त देशमुख यांच्या 'संगीत देवबाभळी'ला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, म्हणजे नाटक हे साहित्यही आहे याची सरकारी नोंदसुद्धा झाली. ते दुकानाच्या दर्शनी भागात ठेवायला आणखी काय कारण हवं?

तिसरी गोष्ट पैशांची नाही. पुष्कळ लोक नाटकाला जात नाहीत कारण सोबत कुणी नसतं. नोकरीसाठी शहरात एकट्या आलेल्या मुली, जोडीदार गमावलेले ज्येष्ठ, घरात कुणालाच नाटकाची आवड नाही असे लोक. प्रयोग रात्री उशिरा संपतो, रिक्षा मिळत नाही, शेवटची लोकल गाठायची असते. ओळखीच्या दुकानाबरोबर जायचं असेल तर घरचेही निश्चिंत असतात. अशा माणसांना चर्चेइतकीच सोबतीचीही गरज असते.

पैशांचं गणित जमतं का?

एक साधा हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत.

समजा तिकीट ४०० रुपयांचं आहे आणि दुकानाने ३० तिकिटं घेतली. मूळ किंमत १२,००० रुपये. निर्मात्याने १० टक्के सवलत दिली, तर दुकान भरणार १०,८०० रुपये. ग्राहकांना तिकीट ४०० नेच दिलं आणि तीसही गेली, तर हातात राहतात १,२०० रुपये.

२७ तिकिटं गेली तर नफा शून्य. २४ गेली तर १,२०० रुपयांचा तोटा. म्हणजे सहा खुर्च्या रिकाम्या राहिल्या की जेवढा फायदा होणार होता तेवढंच नुकसान होतं. म्हणून 'येईन बहुतेक' म्हणणाऱ्यांच्या भरवशावर तिकिटं काढता येत नाहीत. पैसे आधी, तिकीट नंतर हा नियम पाळावाच लागतो.

आता पुस्तकं धरू. तिसांपैकी १५ जणांनी २५० रुपयांची संहिता घेतली आणि दुकानाचं कमिशन ३० टक्के असेल, तर १,१२५ रुपये सुटतात. तिकिटं आणि पुस्तकं मिळून २,३०० रुपयांच्या आसपास. फोन, मेसेज, तिकिटांची धावपळ आणि चर्चेच्या दिवशीचा चहा यातून वजा केला तर उरतं फार थोडं.

मग करायचं कशासाठी? या हिशेबात एक गोष्ट बसत नाही. ते तीस लोक पुढच्या महिन्यात पुन्हा दुकानात येतील का? आले आणि वर्षभर पुस्तकं इथूनच घेऊ लागले, तर खरा फायदा तो. नाट्यसहल ही कमाई समजली तर निराशा होईल. तिला जाहिरातीचा खर्च म्हणून बघितलं तर हा खर्च बराच स्वस्त आहे.

कराच्या बाजूने थोडा दिलासा आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावरही नाही. मात्र बस, जेवण आणि तिकीट असं एकत्र पॅकेज विकायचं असेल तर आधी कर सल्लागाराशी बोललेलं बरं.

यात खटकण्यासारखं काय आहे?

बरंच आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिली अडचण मनुष्यबळाची. छोट्या दुकानात मालक आणि एक-दोन सहायक असतात. दर महिन्याला कार्यक्रम करायचा तर ते काम त्यांच्याच पगारात, त्यांच्याच रविवारी होतं. पुस्तक ओळखणारा माणूस व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळण्यात अडकला तर दुकानाची जमेची बाजूच कमी होते.

दुसरी अडचण निवडीची. खुर्च्या भरायच्या दडपणाखाली दुकानही ओळखीचे चेहरे असलेलं विनोदी नाटकच निवडेल. ज्या नाटकाला गर्दी आहे तिथेच आणखी तीस माणसं नेली, तर रंगभूमीला काय मिळालं?

तिसरी अडचण परवडण्याची. तिकीट, प्रवास, पुस्तक आणि खाणं मिळून एका माणसाचा खर्च सहज हजारावर जातो. मग हे 'वाचक मंडळ' ठराविक वस्तीतल्या ठराविक लोकांचं होतं. बर्लिनच्या कामगारांनी चिठ्ठ्या टाकून जागा का वाटल्या, याचं उत्तर इथे आहे. गटातल्या दोन जागा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवणं आणि त्यांचा खर्च बाकीच्यांनी वाटून घेणं अवघड नाही. पण ते आधी ठरवावं लागतं.

चौथी अडचण जागेची, आणि ती सर्वांत मोठी. पुण्या-मुंबईबाहेर मराठी पुस्तकांचं चांगलं दुकान आणि चालू स्थितीतलं नाट्यगृह दोन्ही एकाच गावात सापडणं कठीण होत चाललंय. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं, तेव्हा शाहू महाराजांच्या काळातली वास्तू तर गेलीच, पण एका शहराची एकत्र बसण्याची जागाही गेली. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा दर्जा कागदावर राहणार की गावात उतरणार, हे अशा जागा किती उरतात यावरही ठरेल.

सुरुवात कशी करता येईल?

दुकानदारासाठी छोटी सुरुवात शहाणपणाची. तीसऐवजी बारा माणसं. वर्षाला चारच नाटकं, त्यातलं एक तरी नव्या लेखकाचं. शक्यतो मधल्या वारचा प्रयोग, कारण तेव्हा निर्माताही सवलतीचा विचार करतो. कलाकारांच्या तारखांमुळे किंवा आजारपणामुळे प्रयोग बदलू शकतो, म्हणून पैसे परत कसे मिळणार हे आधीच लिहून द्यावं. चर्चेत नाटकाचे उतारे लोकांसमोर वाचायचे असतील तर लेखक किंवा प्रकाशकाला आधी विचारावं. बहुतेकदा ते आनंदाने हो म्हणतात आणि कधी स्वतःच यायला तयार होतात.

नाट्यनिर्मात्यांनाही एक काम सहज करता येईल. नाटकाचं पुस्तक छापलेलं असेल तर ते प्रयोगाच्या ठिकाणी, मध्यंतरात, एका टेबलावर ठेवायचं. ते टेबल जवळच्या पुस्तकवाल्याला द्यायचं. मध्यंतरात वडा आणि कॉफी घेणारा प्रेक्षक तिथे थांबतो की नाही, हे चार प्रयोगांत कळेल.

आणि वाचक म्हणून तुम्ही? तुमच्या गावातल्या पुस्तकाच्या दुकानात जाऊन एवढंच विचारायचं की अमुक नाटक येतंय, आपण दहा जण मिळून जायचं का? अनेक दुकानदार हे करायला तयार असतात, पण कुणी येईल का याची त्यांना खात्री नसते. ती खात्री त्यांना ग्राहकच देऊ शकतो, आणि दुकान चालू आहे तोवरच.